बंद खोलीतली रुई

सकाळी सहाला दहा मिनिटे कमी असताना प्रणोती मत्तेने पँटची टोके पायमोज्यांत खोचली, कमरेच्या पट्ट्याला किडे ओळखून आकडे बोलून दाखवणारे मोजणीभिंग अडकवले आणि कीटक-संशोधन केंद्राच्या मागच्या फाटकातून ती बांधावर उतरली. मोजणी आठच्या आत संपवावी लागे. ऊन तापू लागले की पिठ्या ढेकणाची नुकती जन्मलेली पिले पानांखाली सरकत, खोडाच्या बेचक्यांत दडत आणि आकडा कमी येई. पाच वर्षांत तिने ही वेळ तापातसुद्धा चुकवली नव्हती.

फाटकापासून नाल्यापर्यंत बारा खुंट्या रोवलेल्या होत्या. प्रत्येक खुंटीभोवती गाजरगवताची दहा रोपे मोजणीसाठी राखलेली होती, परंतु त्यांना रोपे म्हणायचे ते केवळ सवयीने. शेंडे आखडलेले, पाने वळलेली, खोडांवर पिठाचा हात फिरवल्यासारखा पांढरा थर. रस्त्याच्या दोन्ही अंगांना तीच स्थिती होती. सहा वर्षांपूर्वी ऑगस्टच्या शेवटी याच रस्त्याच्या कडा कमरेइतक्या गाजरगवताने भरून जात आणि त्याचे परागकण साऱ्या पिंपळदरा गावाच्या नाकाडोळ्यांत जात. आता तिथे तरोटा होता, कुंदा होता, आणि गावच्या शेळ्या बिनधास्त चरत होत्या.

ही किमया तणपिठ्याची. मूळचा पिठ्या ढेकूण हा कपाशीचा वैरी. भेंडी, अंबाडी, जास्वंद यांवरही तो पसरे. केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी त्याच्या वंशात एक कुलूप बसवून फक्त गाजरगवतावर जगणारा तणपिठ्या घडवला. पिठ्याची मादी जन्मापासून प्रौढ होईपर्यंत तीनदा कात टाकते. तणपिठ्याला यांपैकी दुसरी कात टाकायची तर गाजरगवताच्या रसातला कडू अंश पोटात जावाच लागे. इतर कोणत्याही झाडावर पिलू बसले, तर ते चार दिवस रस शोषी आणि जुन्याच कातीत गुदमरून मरे. दुसरी खबरदारी अशी की या वाणात नर जन्मतच नसे. मादीपासून नराशिवाय मादीच व्हावी, एवढी एकच वाट मोकळी ठेवली होती. नर नाही म्हणून संकर नाही, आणि संकर नाही म्हणून कुलूप आहे तसेच राहील, असा त्यामागचा हिशेब होता.

आतापर्यंत तणपिठ्या फक्त या एका तालुक्यात सोडला होता. उद्या सकाळी तो अकरा जिल्ह्यांत जायचा होता. संगोपन-खोलीत चार हजार लाल भोपळे, देठांतून गाजरगवताचा अर्क पाजलेले आणि पिठ्याने पांढरे झालेले, गाड्यांची वाट पाहत होते. 'वाण निर्धोक आहे' या दाखल्यावर संगोपन अधिकारी म्हणून प्रणोतीची सही तेवढी व्हायची होती.

सातव्या खुंटीपाशी ती वाकली, तेव्हा निंदणाला निघालेल्या बायका बांधावरून आल्या.

"काय व मॅडम, झाली काय शिरगणती?" कुंताबाई आत्रामने लांबूनच विचारले.

"इतकी नजर तं माह्या सासूनंबी माह्यावर ठेवली नाही," मागची एकजण म्हणाली आणि बायका हसल्या.

कुंताबाई थांबली, बाकीच्या पुढे गेल्या. साठीची, काटक बाई. तिच्या पापण्यांची कातडी अजून किंचित जाड होती. गाजरगवताने तिच्या अंगावर पुरळ उठे. सात वर्षे तिचे हात आणि मान म्हशीच्या कातड्यासारखी झाली होती, डोळे सुजून मिटत, आणि कोणत्याही शेतात तिला उभे राहता येत नसे. तणपिठ्या आल्यानंतर दुसऱ्या पावसाळ्यात ती पुन्हा खुरपे घेऊन निघाली. केंद्राच्या माहितीपत्रकावर तिचा फोटो होता.

प्रणोतीने धरलेल्या भिंगाने रोप न्याहाळले आणि आपल्या एकसुरी आवाजात सांगितले, "खुंटी सात. रांगती पिले एकशे अठरा. दुसरी अवस्था चव्वेचाळीस. तिसरी अवस्था एकतीस. प्रौढ माद्या एकोणीस. रुई सतरा, वगळली."

"रुई?" कुंताबाईने मान वाकडी केली. "जिनिंग बंद होऊन चार महिने झाले, मॅडम. याले रुई कुठून दिसून राहिली?"

"हिवाळ्यातली अडकून राहिली असेल."

"आन पांढरीफेक? इतका पाऊस खाऊन? मी जिनिंगमंदी बारा वर्सं काढली, बाप्पा. रुई भिजली का पिवळी पडते, मंग काळी. हे भिंग तुमाले गंडवून राहिलं." तिने खुरपे दुसऱ्या हातात घेतले. "आन सांगायचं राहूनच जाते. माह्या आंगणातल्या अंबाडीवर पीठ पडल्यावानी झालं हाय. तुमचाच गडी हाय काय, पाहून जा."

"तो अंबाडीवर जगत नाही, कुंताबाई."

"जगत नाही तं नाही. पाह्यले पैसे पडतात काय?"

ती निघून गेली. प्रणोती आठव्या खुंटीकडे वळली, दोन पावले चालली आणि परत आली. तिने खिशातून सुई काढली, भिंग हाती धरून साध्या काचेसारखे वापरले आणि भिंगाने वगळलेला एक पुंजका खोडावरून अलगद सोडवला. तो साळीच्या दाण्याहून लहान होता, लांबट. रुईचा तंतू सुईला गुंडाळला जातो. हा मात्र मेणासारखा तुटला. आत गुलाबी-तपकिरी रंगाचा, अर्धा घडलेला एक जीव निपचित पडला होता. त्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना पंखांच्या कळ्या होत्या.

पिठ्याच्या मादीला पंख कधीच येत नाहीत. ती आयुष्यभर पिलाच्याच रूपात वाढते. मोठी होते, पीठ पांघरते, चिकटून बसते. रूप पालटतो तो नर. दुसऱ्या अवस्थेनंतर तो स्वतःभोवती पांढरा कोश विणतो, कोशात पंख मिळवतो आणि बाहेर पडतो तो तोंडाशिवाय. त्याला खायचे नसते. दोन दिवस जगतो, माद्या शोधतो आणि मरतो.

प्रणोतीने दुसरा पुंजका उघडला. तो रिकामा होता; एका टोकाला बारीक भोक होते. ज्याचा तो होता तो उडून गेला होता.

या भिंगाला बघायला तिनेच शिकवले होते. पाच वर्षांपूर्वीच्या जानेवारीत, गावातला जिनिंगचा कारखाना ऐन भरात असताना, तिने तीस हजार छायाचित्रांवर एकेक करून नावे घातली होती. त्या दिवसांत सारे गावच रुईखाली असे. कपड्यांवर, तुळशीवर, चहाच्या सायीवर रुई. भिंग वेडे होऊन रुईच्या प्रत्येक पुंजक्याला अंडथैली म्हणू लागले, म्हणून तिने नियम घातला: मादीच्या शेपटाशी जोडलेला पुंजका ती अंडथैली, सुटा, लांबट पुंजका ती रुई, आणि रुई मोजायची नाही. कोकणातल्या एखाद्या मुलीने हे काम केले असते तर सुटा पांढरा पुंजका पाहून तिने निदान विचारले असते की हे काय आहे. प्रणोतीचा जन्म कपाशीत गेला होता. तिला विचारावेसे वाटले नाही. आणि नर या वाणात नसल्यामुळे भिंगाला कोश दाखवण्याचे कोणालाच सुचले नाही.

उरलेल्या खुंट्या सोडून ती संगोपन-खोलीकडे गेली.

त्या खोलीत शिरण्याचा एक विधीच होता. बाहेरच्या दारात कपडे उतरवायचे, अंघोळ करायची, कागदी झगा घालायचा. सुती कापडाचा तुकडाही आत न्यायचा नाही. खिडक्या नव्हत्या, हवा तीन पदरी जाळीतून येई. आतल्या भिंगांची रोजची नोंद दाराशेजारच्या पडद्यावर असे. प्रणोती तिथे पाच वर्षे रोज चार आकडे वाचत आली होती. आज तिने बोट सरकवून पाचवा रकाना उघडला.

रुई, वगळली. फेब्रुवारीत शून्य. मार्चअखेर चार. मेमध्ये साठ. जुलैत तीनशेच्या पुढे. काल नऊशे बारा.

जिथे सुताचा धागा जाऊ शकत नाही, त्या खोलीत नऊशे बारा पुंजके रुई. हा रकाना रोज तिच्या नावाने साठवला जात होता.

सारा विधी उरकून ती आत गेली आणि तिने जवळचा भोपळा फिरवला. देठाभोवतीच्या खोबणीत कोश एकमेकांना चिकटून बसले होते. दिव्याच्या काचेपाशी काही बारीक माशा भिरभिरत होत्या. शेपटाला दोन पांढरे केस, चिलटाहून नाजूक. पूर्वीही तिने त्या पाहिल्या होत्या. चिलटे आली, जाळी तपासा, असे तिने मे महिन्यात लिहूनही ठेवले होते. जाळी तपासली गेली. ती धड होती.

दुपारी ती कुंताबाईच्या घरी गेली. मातीच्या अंगणाच्या कडेने अंबाडीची वीसेक झाडे होती, रोजच्या भाजीपुरती. कुंताबाई नुकतीच शेतावरून येऊन हातपाय धूत होती.

"पाहा बरं, मॅडम. सांगतलं होतं ना?"

तीन झाडांचे शेंडे आखडले होते. प्रणोती गुडघ्यांवर बसली. पाठीवर दोन काळसर पट्टे मिरवणारी प्रौढ मादी होती, एक नव्हे, सात. आणि दोघींच्या मागे भरलेली अंडथैली. मुंग्या त्यांच्यावरून ये-जा करत होत्या. हा रानातला साधा पिठ्याही असू शकला असता. म्हणून तिने सोबत आणलेल्या तपासपट्टीवर एक मादी चिरडली. तणपिठ्याच्या वंशाची खूण असेल तर पट्टी निळी होई.

पट्टी निळी झाली.

म्हणजे या मादीने गाजरगवताचा थेंबही न पिता दुसरी कात टाकली होती, तिसरीही टाकली होती, आणि आता ती तीनचारशे पिले सोडणार होती. तणपिठ्याचा नर रानातल्या साध्या मादीकडे गेला होता, किंवा रानातला नर तणपिठ्याच्या मादीकडे आला होता. काहीही असो, कुलूप उघडले गेले होते. अंबाडी आणि कपाशी एकाच कुळातल्या. कुंताबाईच्या कुंपणापलीकडे कपाशीच होती, दूरवर टेकडीपर्यंत.

"तुमचाच निघाला काय?" कुंताबाईने विचारले.

"हो."

"अंबाडी खाते?"

"अंबाडी खातो. कपाशीही खाईल. ही सगळी झाडं उपटून जाळावी लागतील, कुंताबाई. आजच. झटकायची नाहीत, पिशवीत घालून न्यायची."

"जाळा ना. अंबाडीचं काय, पुन्हा लावीन." तिने प्रणोतीकडे पाहिले. "तुमचं तोंड काहून असं उतरलं? आनखी काय हाय?"

"कदाचित आम्हाला हा पिठ्या थांबवावा लागेल. इथेही मारावा लागेल, जितका सापडेल तितका."

कुंताबाईने ओले हात लुगड्याला पुसले. ते पुसताना तिने मनगट उलटे करून पाहिले. तिथली कातडी आता नितळ होती.

"मंग गाजरगवत येईन," ती म्हणाली.

"दोन पावसाळ्यांत येईल."

"आन माहे डोये?"

खोटा दिलासा देण्याइतके त्या बाईला प्रणोती कमी लेखत नव्हती. दोघींनी मिळून झाडे उपटली. कुंताबाई मुळाशी धरून, न हलवता, एकेक झाड पिशवीत उतरवत होती. निंदणाचे तिचे हात तरबेज होते. शेवटचे झाड टाकताना ती म्हणाली, "बाजूच्या दाजीच्या घरीबी अंबाडी हाय. आन शाळेच्या मांगं भेंडी लावली हाय पोराईनं. पाहून घ्या."

तिचे वरिष्ठ डॉ. उमाळे चार वाजता संगोपन-खोलीच्या बाहेरच्या पडवीत भेटले. तणपिठ्यामागे त्यांची बावीस वर्षे होती. प्रणोतीने पट्टी, कोशांची चित्रे आणि पाचव्या रकान्याचा तक्ता त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी पट्टी उजेडात धरली, खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"एक पट्टी," ते म्हणाले.

"पाच केल्या, सर. पाचही निळ्या."

"पुन्हा तपासू. पंधरा दिवस लागतील. तोवर माल जाऊ दे. दाखल्यात 'संशयित तंतू, तपास चालू' असं लिही. ते खोटं नाही."

"खरंही नाही, सर."

"अकरा जिल्ह्यांत तुझ्या त्या बाईसारख्या किती बाया आहेत, ठाऊक आहे ना तुला? आपण मोजल्या होत्या. बंद पापण्यांनी चुलीपुढे बसणाऱ्या बाया. आज हे थांबलं, तर पुन्हा सुरू व्हायला दहा वर्षं. कदाचित होणारच नाही. लोक म्हणतील, यांनीच कपाशीचा वैरी पाळला."

"पाळलाच आहे."

उमाळे खुर्चीत मागे टेकले. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. "आणि विचारतील, भिंगाला शिकवलं कोणी?"

"मी शिकवलं. अहवालात तेच पहिल्या ओळीत घातलं आहे."

"तुला धमकावतोय असं समजू नकोस, पोरी. तपासून सही मी केली होती. तीस हजारांतली तीनशे चित्रं मीही पाहिली. रुई पाहिली की मलाही रुईच दिसली."

बाहेर भोपळे भरण्यासाठी रिकाम्या पाट्या मांडल्या जात होत्या. केंद्राच्या नवव्या नियमाचा विषय कोणी काढला नाही, तरी दोघांच्याही मनात तोच होता. संगोपनात अनपेक्षित अवस्था आढळल्यास संगोपन अधिकाऱ्याने कोणाच्याही परवानगीची वाट न पाहता खोलीचे तापमान बावन्न अंशांवर नेऊन आठ तास ठेवावे. अंडे, पिलू, कोश, मादी, काहीही उरत नाही. वरिष्ठाचे मन ऐनवेळी कच्चे पडेल, म्हणून परवानगीची अट नको, असा आग्रह तेव्हा उमाळ्यांनीच धरला होता.

ते उठले. दाराशी थांबून, तिच्याकडे न पाहता म्हणाले, "मी घरी जातो. मला फोन करू नकोस. विचारलंस, तर मी नाही म्हणेन."

त्यांची पावले अंगणाबाहेर जाईपर्यंत प्रणोती उभी राहिली. मग तिने बाहेरच्या दारात कपडे उतरवले, अंघोळ केली, झगा चढवला आणि ती आत गेली. आत कोणी माणूस राहिलेला नाही, हे तिने रांगेरांगेने फिरून पाहिले. एका भोपळ्यावर रांगती पिले नुकतीच बाहेर पडत होती. पिवळी, खसखशीएवढी, सहा पायांवर सगळ्या दिशांना निघालेली. ती क्षणभर त्यांच्यावर वाकली. पाच वर्षे तिने त्यांचे पोट भरले होते.

बाहेर येऊन तिने जाळीचे पडदे बंद केले, तापमानाची चावी सत्तावीसवरून बावन्नवर नेली आणि दाराला मोहोर लावली. नोंदीत कारणापुढे लिहिले: संगोपनात नर आढळले. मार्चपासून असावेत. ओळखण्यातली चूक संगोपन अधिकाऱ्याची. खाली तिने पूर्ण नाव घातले. मग अकरा जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांना, उमाळ्यांना आणि कपाशी उत्पादकांच्या संघाला तो अहवाल, पट्ट्यांच्या चित्रांसकट, एकाच वेळी पाठवला.

सहा वाजता पहिली गाडी फाटकाशी येऊन उभी राहिली. चालकाने खिडकीतून डोके बाहेर काढले.

"मॅडम, माल आजच भरू की सकाळी?"

"माल नाही. गाडी परत न्या."

"मग केव्हा येऊ?"

प्रणोतीने त्याला पाणी आणून दिले. तो पिऊन झाल्यावर गाडी वळवू लागला. खोलीच्या दारावरच्या पडद्यावर आकडा सावकाश चढत होता: एकोणचाळीस, चाळीस. तालुक्यात सोडलेल्या तणपिठ्यांवर मात्र कुठलीच चावी चालणार नव्हती. मार्चपासून किती कोशांना भोके पडली असतील? आणि त्यांतून उडालेले किती दूर पोचले असतील?

तिने कोऱ्या पिशव्यांचा एक गठ्ठा काखेत घेतला, नव्या तपासपट्ट्यांची डबी घेतली, आणि दाजीच्या घराची वाट धरली.